एकोणसाठची शिंप

“ती नको, सोमा. एकोणसाठची नको.” शिडी धरून उभे असलेले माझे वडील, तात्या, खालून म्हणाले. “पलीकडची घे. साठची घे.”

“साठची एवढीशी आहे हो. आणि काजळीनं पार काळी पडलीय. ही बघा, कशी पांढरी, जड!”

“जड आहे म्हणून काय झालं?”

“लॅबला वजन लागतं, तात्या.”

खाली सभामंडपात गावातली पाचसहा जाणती माणसं बसली होती. महादू खारवी पानाला चुना लावता लावता म्हणाला, “अहो तात्या, घेऊ दे की त्याला हवी ती. एक न्यायला देवानं कौल दिलाय ना? का आता शिंपेपरत वेगळा कौल लावताय?”

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. शिडी मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली, मी खाली उतरेपर्यंत.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या कार्तिकातली. वेळसर हे आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, आणि वेळेश्वराची पूजाअर्चा आम्हा गुरवांकडे. तिथे दर कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत सात दिवस कीर्तन चालतं. मी बोलायला लागलो तो कीर्तनातल्या गजरावरच, असं आई सांगायची. बुवांच्या मागे झांज धरून उभं राहायचं म्हटलं की मला जेवणाची शुद्ध नसे. अजूनही नसते.

त्या सप्ताहाची आमच्याकडे एक रीत आहे. पहिल्या दिवशी सकाळी खारवी मंडळी खाडीतून एक मोठी जिवंत शिंप काढून आणतात. तिचा अर्धा भाग धुऊन, त्यात तेलवात घालून तो दिवा बुवांच्या पुढ्यात लावायचा. सात दिवस तो विझू द्यायचा नाही. सातव्या दिवशी शिंपेला भोक पाडून, गेरूनं त्या वर्षाचा शक लिहून ती सभामंडपाच्या तुळईला ओवायची. अशा शंभरावर शिंपा तिथे टांगलेल्या होत्या. वारा आला की वाजायच्या. लहानपणी मला वाटायचं, देव झांजा वाजवतोय.

मी पुण्याला एका संशोधन संस्थेत रोजंदारीवर मदतनीस होतो. नमुने धुवायचे, दळायचे, काचेची नळकांडी घासायची. तिथे हेमलता बिडये नावाच्या एक संशोधक विद्यार्थिनी होत्या. मी त्यांना हेमाताई म्हणे. आमच्याच किनाऱ्यावर कधीकाळी समुद्र आजच्यापेक्षा वर होता, पाऊसही वेगळा पडत असे, आणि ते नेमकं कधी, हे त्यांना शोधायचं होतं. विहिरींच्या कडा, खाजणातले चर उकरून त्यांनी जमिनीत पुरलेल्या जुन्या शिंपा गोळा केल्या होत्या. चाळीस नमुने. शिंपेतला कार्बन मोजून तिचं वय काढायचं, असं ते काम. आमच्या वेळसरच्या खाजणातूनही त्यांनी नमुने नेले होते. त्या वेळी दोन दिवस आमच्याकडेच उतरल्या होत्या. आईच्या आंबोळ्या खाताना तात्यांकडून दिव्याची रीत ऐकली आणि हातातला घास तसाच ठेवून उठल्या.

“तात्या, म्हणजे कुठली शिंप कुठल्या साली जिवंत होती ते तुम्हाला माहीत आहे?”

“मला म्हणजे... लिहिलेलं असतं ना तिच्यावर.”

“अहो, हे देऊळ नाही, दप्तर आहे!”

तात्या खूश झाले होते. तेव्हा.

पुढे लॅबमध्ये मी त्यांना विचारलं, “ताई, तुमच्याकडे एवढ्या जुन्या शिंपा असताना आमच्या दिव्याची शिंप कशाला?”

“समुद्र म्हातारा असतो, सोमनाथ. त्याच्या पोटात जुना कार्बन साठलेला असतो. म्हणून जिवंत पकडलेली शिंपसुद्धा यंत्राला सांगते, मी चारशे वर्षांची. शिंपा खोटं बोलतात. पण एका किनाऱ्यावरच्या साधारण सारखंच खोटं बोलतात. ते किती, हे एकदा कळलं की सगळ्यांच्या वयातून वजा करायचं. त्यासाठी एक तरी शिंप अशी हवी, जिचं खरं साल आपल्याला ठाऊक आहे.”

“मग आजचीच घ्या की एखादी.”

“आजची चालत नाही. अणुबाँबच्या चाचण्यांनी हवा बिघडली, समुद्रही बिघडला. पन्नास सालाच्या आधीची पाहिजे. माझे चाळीसच्या चाळीस नमुने त्या एका आकड्यावर उभे आहेत. आणि मार्चमध्ये माझी शिष्यवृत्ती संपते.”

म्हणून मी शिडीवर चढलो होतो. शके अठराशे एकोणसाठ, म्हणजे इंग्रजी सदतीस साल.

पुण्याला परतल्यावर नमुन्याचा कागद भरायचा होता. ठिकाण, साल, वजन हे सरळ होतं. शेवटचा रकाना होता : जिवंत पकडल्याची खात्री कोणी केली? मी लिहिलं, ‘मी स्वतः, वडिलांकडे चौकशी करून.’ आणि खाली झोकदार सही ठोकली. चौकशी मी केलीच नव्हती. देवळात टांगलेली, गेरूनं साल लिहिलेली शिंप, तिची कसली चौकशी करायची? एकोणसाठची नको म्हणून तात्या दोनदा बोलले होते, तेही मला आठवलं नाही. खरं तर आठवलं होतं. पण त्या महिन्यात मला कायम करायचं घाटत होतं, आणि लॅबप्रमुख पेंढारकर सरांनी कागद बघून मान डोलावली होती. “व्वा, गुरव! असा नमुना मिळायला नशीब लागतं.”

शिंप आम्ही आम्लात विरघळवली. पूर्ण. तेवढी सगळीच लागते. उरलं काही नाही.

जानेवारीत आकडा आला. सदतीस सालच्या शिंपेचं वय यंत्रानं सांगितलं तीन हजार दोनशे वर्षं.

सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते.

“बिडये, हा तुमचा वेळसरच्या खाजणातला नमुना. तीन हजार दीडशे. आणि ही देवळातली शिंप. तीन हजार दोनशे. दोन्ही तुम्ही एकाच आठवड्यात तयार केल्यात.”

“हो सर.”

“मग मी काय समजायचं?”

“खाजणातली शिंप दुसऱ्या बाटलीत गेलेली नाही, सर. प्रत्येक बाटलीवर मी स्वतः चिठ्ठी लावते.”

“मग देवळातली शिंप तीन हजार वर्षांपूर्वी पकडली होती?” सर माझ्याकडे वळले. “गुरव, या शिंपेची तुम्हाला खात्री आहे?”

मी हेमाताईंकडे पाहिलं नाही. म्हणालो, “हो सर. सही केलीय ना मी.”

“बघा. एक नमुना बदलला गेला असेल तर बाकीचे एकोणचाळीस बदलले नाहीत कशावरून?”

बाहेर आल्यावर हेमाताई जिन्यावर बसल्या. मोठ्या धीराच्या बाई. रडल्या बिडल्या नाहीत. नुसता चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “सोमनाथ, दुसरी शिंप मिळेल? एकच. मी त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं पहिल्यापासून करून दाखवीन.”

“आणतो ताई,” मी म्हणालो. “महाशिवरात्रीला घरी जातोच आहे.”

महाशिवरात्रीला आमच्याकडे एका दिवसाचं कीर्तन असतं. दुपारी पोचलो तेव्हा तात्या मागच्या पडवीत चिंच लावून समया घाशीत बसले होते. मी सगळं सांगितलं. ताईंवर ठपका आलाय, दुसरी शिंप हवी, गावाला पुन्हा विचारायला लागेल.

तात्यांचा हात थांबला. बराच वेळ ते समईच्या नक्षीत अंगठा फिरवत राहिले.

“त्या पोरीनं काही केलेलं नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मी एकोणीस वर्षांचा होतो. माझा बाप तापानं झोपलेला, म्हणून त्या साली दिवा पहिल्यांदा माझ्याकडे आला. चौथ्या दिवशी दुपारी तेल घालायला गेलो. शिंप तापलेली, तेल थंड. टक्कन आवाज झाला आणि दोन तुकडे. देवळात कुणी नव्हतं. वात मी हाताच्या तळव्यावर धरली, सोमा. विझू दिली नाही. हा बघ डाग.”

तो डाग मी जन्मापासून पाहत आलो होतो. भाजलं होतं, एवढंच ते सांगत.

“वात पणतीत ठेवली आणि पळालो. खाडीला भरती. चुन्याच्या भट्टीपाशी शिंपांचा ढीग पडलेला होता. त्यातली मोठीशी उचलली, धुतली, दिवा लावला. कुणाला कळलं नाही.”

“भट्टीवरच्या शिंपा कुठून यायच्या?”

“कुठून म्हणजे? भट्टीवाले खाजण उकरून काढायचे. कमरेइतक्या खोल नुसता थरच आहे ना शिंपांचा. तुझ्या ताईंनी चर मारला, तिथलाच.”

म्हणजे यंत्र बरोबर बोललं होतं. ताईंचा हात बरोबर होता. काजळी कमी होती, कारण त्या शिंपेत दिवा सात नाही, चारच दिवस जळला होता. आणि तेवढ्यासाठीच मी ती निवडली होती.

“पन्नास वर्षं देवापुढे मेलेली शिंप टांगलेली होती,” तात्या म्हणाले. “रोज खालून जाताना मान वर करत नाही मी. आता पुरे झालं. आज कीर्तनात सगळं गाव असेल. तिथेच सांगतो. मग दुसरी शिंप द्यायला कोण नाही म्हणेल?”

“तात्या, आज नको.”

“का?”

मी काहीतरी बोललो. गावात काय तोंड दाखवणार, आईला काय वाटेल, देवस्थानाचं नाव. हे सगळं खरंही होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे होता तो कागद. ‘वडिलांकडे चौकशी करून.’ कायम होण्याची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती.

संध्याकाळी गोविंदबुवा नेवरेकर उभे राहिले. काय त्या माणसाचा आवाज! पूर्वरंगात ते म्हणाले, “मंडळी, महादेवाला का अंधार दिसत नाही? तो तर डोळे मिटूनही बघतो. दिवा आपण लावतो तो आपल्यासाठी. आपल्या हाताला काय लागलंय ते आपल्याला दिसावं म्हणून.” एरवी अशा वाक्यावर मी डोळे पुसले असते. त्या दिवशी माझं सगळं लक्ष तात्यांकडे होतं. ते खांबाला टेकून बसले होते, आणि डाव्या हातानं उजवा तळवा चोळत होते.

मध्यंतर झालं. बुवांना हार घातला, बुक्क्याचं ताट फिरायला लागलं. तेवढ्यात तात्या उठले.

“बुवा, मला गावाला दोन शब्द सांगायचे आहेत.”

“बोला की तात्या,” बुवा म्हणाले. “तुमच्या देवळात तुम्हाला कोण अडवणार?”

मंडप गप्प झाला. तात्यांनी मान वर केली, तुळईकडे पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पाहत असावेत.

मी झांज वाजवली.

जोरात वाजवली, आणि “सांब सदाशिव, सांब सदाशिव” असा गजर उचलला. लोकांना काय, सवयच. शंभर गळे माझ्या मागे आले. पेटी आली, तबला आला. बुवांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हसून तेही गायला लागले. तात्या उभेच होते. ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. मी गातच राहिलो. असा गजर मी त्याआधी कधी केला नव्हता. महादू नंतर म्हणाला, “सोमा, आज तुझ्या अंगात आलं होतं बघ.”

तात्या हळूहळू खाली बसले.

सकाळी मी निघालो तेव्हा त्यांनी मला एक बंद पाकीट दिलं. रागावलेले नव्हते. तेच मला सोसवेना.

“गावाला नाही तर नाही. तू म्हणतोस त्यातही काही असेल. पण त्या पोरीला कळलं पाहिजे. सगळं लिहिलंय, खाली सही केलीय. तिच्या सरांना दाखवू दे. देशील ना?”

“देतो.”

पाकीट मी झांजेच्या पिशवीत ठेवलं. बस घाट चढून गेली, पुणं आलं. लॅबच्या दारात हेमाताई उभ्या होत्या.

“मिळाली?”

“नाही ताई,” मी म्हणालो. “गाव देत नाही म्हणतं.”

मार्चअखेर त्यांनी टेबल आवरलं. दोन खोक्यांत सगळं मावलं. मी खोकी रिक्षापर्यंत नेली. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, “खरं सांगू सोमनाथ? आधी मला शिंपेचीच शंका आली होती. पण कागदावर तुमची सही पाहिली, आणि म्हटलं, मग चूक माझीच असणार. अजूनही रोज आठवून बघते, कुठली बाटली कुठे ठेवली होती ते.”

रिक्षा गेली. एप्रिलमध्ये मी कायम झालो.

मे महिन्यात घरी गेलो तर तात्यांनी अंगणातच विचारलं, “पत्र दिलंस?”

“दिलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, काही हरकत नाही. सरांना पटलं. काम पुरं झालं.”

तात्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले. “देवमाणूस रे,” ते म्हणाले. “देवमाणूस.”

त्याच कार्तिकात सप्ताह संपल्यावर त्यांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. शिंप होती. दिव्याच्या शिंपेचा दुसरा अर्धा भाग, जो एरवी आम्ही खाडीत सोडतो. “ताईंना दे. पुढे कधी लागली तर.” त्यानंतर दर वर्षी एक. शहाण्णव साल त्यांनी पाहिलं नाही. पंच्याण्णवच्या ज्येष्ठात ते गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, पुण्यात एक बाई आपल्या शिंपा जपून ठेवत असेल.

बाँबनंतरच्या शिंपा. ताईंच्या कशाच कामाच्या नाहीत, हे मला माहीत होतं. मी त्या ट्रंकेत ठेवत गेलो. आठ झाल्या.

कीर्तनं मी सोडली नाहीत. पुण्यात कुठे कीर्तन असलं की जातो, पुढे बसतो, रडतोसुद्धा. पण गजर उचलायला कुणी सांगितलं तर घसा दुखतोय म्हणतो. झांज त्या महाशिवरात्रीनंतर हातात घेतली नाही.

निवृत्त झालो त्या वर्षी हेमाताईंचा पत्ता काढला. साताऱ्याला एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. मी गेलो तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. केस सगळे पांढरे. ओळखलं लगेच.

“सोमनाथ ना? या. चहा टाकू?”

“आधी हे वाचा, ताई.”

पाकीट पिवळं पडलं होतं. त्यांनी तिथेच उन्हात उभं राहून वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घडी घातली. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“म्हणजे बाटल्या बरोबर होत्या,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“तेहतीस वर्षं, सोमनाथ.” मग विचारलं, “तात्यांना काय वाटत होतं? हे मला मिळालं असं?”

“हो. मीच तसं सांगितलं होतं.”

“आणि मी काय म्हणाले, असं सांगितलंत?”

“काही हरकत नाही, असं.”

“मी तसं म्हणाले नव्हते.”

“नाही.”

“आताही म्हणत नाही.”

मी मान खाली घालून पिशवी उघडली. आठही शिंपा पापडांच्या शेजारी चटईवर मांडल्या. त्या कुणी पाठवल्या, कशासाठी, ते सांगितलं. ताई खाली बसल्या. एक शिंप उचलून तळहातावर तोलली, नखानं कड खरवडली. हात विसरले नव्हते.

“सत्त्याऐंशीपासूनच्या,” त्या म्हणाल्या. “काही उपयोग नाही यांचा.”

“माहीत आहे मला.”

त्यांनी शिंप उलटी केली. आतल्या बाजूला गेरूनं, थरथरत्या हातानं लिहिलं होतं : शके १९०९. जिवंत. काढताना मी स्वतः पाहिली. आणि खाली तात्यांची सही. दुसरी उलटली. तिच्यावरही तेच. तिसरीवरही. आठव्या शिंपेवर अक्षर इतकं वाकडं झालं होतं की ‘स्वतः’ एवढंच नीट लागत होतं.

ती खाली ठेवून ताईंनी विचारलं, “यावर तुमची सही कुठे नाही ना?”

“नाही.”

त्यांनी आठही शिंपा एकेक करून पदरात घेतल्या.

“मग ठेवते,” त्या म्हणाल्या.